थंड अणूंना वेळ द्या : राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या नियामक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
नियामक मंडळ, राष्ट्रीय क्वांटम मिशन, नवी दिल्ली



१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले आणि मुदत दिली २०३०-३१ पर्यंतची. त्या वेळी जाहीर झालेल्या उद्दिष्टांत पहिला मान क्यूबिटचा, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीच्या एककाचा, आहे : आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक. त्याखालोखाल दोन हजार किलोमीटरपर्यंतचे सुरक्षित संदेशवहन येते आणि त्याच्याही खाली, जरा आवाज उतरवून सांगितल्यासारखी, अणूंवर चालणारी चुंबकमापके आणि घड्याळे. मला या शेवटच्या ओळीची बाजू मांडायची आहे. लेसरच्या प्रकाशाने अणू थोपवायचे, गारठवायचे आणि शेवटी त्यांचे संघनित बनवायचे, ही विद्या आज क्वांटम तंत्रज्ञानाच्या निम्म्याअधिक शाखांना पुरून उरते आहे. ती ज्या प्रयोगशाळांत वाढली त्यांना कोणी संख्येचे लक्ष्य दिले नव्हते. त्यांच्याकडे अचूक मोजमापाचे काम होते, ते करणारी हुशार माणसे होती आणि वेळ होता. मिशनच्या उरलेल्या रकमेतील निदान एक पंचमांश भाग अशाच प्रयोगशाळांसाठी बारा वर्षांच्या मुदतीने बाजूला काढावा, एवढी एकच मागणी या पत्रात आहे. ती का, ते सविस्तर सांगतो.

आपल्याकडे हा विषय सत्येंद्रनाथ बोस यांच्यापासून सुरू होतो आणि तसा तो व्हायलाही हवा. १९२४ मध्ये ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या तीस वर्षांच्या बोस यांनी प्रकाशकणांची मोजदाद नव्या रीतीने केली : दोन प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत असे धरून. ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ने तो निबंध छापला नाही, तेव्हा त्यांनी तो आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून तो छापून आणला, मग तीच मोजदाद अणूंना लावली आणि एक विलक्षण निष्कर्ष काढला. वायू पुरेसा थंड केला, तर त्यातील अणूंचा मोठा हिस्सा एकाच, सर्वांत खालच्या अवस्थेत जाऊन बसेल आणि ते सगळे मिळून एकाच लाटेसारखे वागतील. यालाच संघनित म्हणतात. वायूच्या रूपात हे प्रत्यक्ष दिसले ५ जून १९९५ रोजी, अमेरिकेतील बोल्डर गावी. मधली सत्तर वर्षे गेली ती सिद्धांतात काही उणे होते म्हणून नव्हे, तर तेवढे थंड करण्याची रीत कोणाजवळ नव्हती म्हणून. कागदावरचे काम ढाक्यात एकटा माणूस करू शकला. अणू थंड करायला मात्र काच फुंकणारे, धातू कातणारे, इलेक्ट्रॉनिक्स जुळवणारे आणि एकाच टेबलाशी वर्षानुवर्षे झुंजणारे लोक लागतात. बोस यांच्या जयंतीला भाषणे ठोकताना हा फरक आपल्या सोयीने नजरेआड होतो.

प्रकाशाने थंड कसे करतात, हे थोडे आकड्यांत पाहू, कारण माझा युक्तिवाद त्या आकड्यांतूनच निघतो. भट्टीतून निघालेला सोडियमचा अणू सेकंदाला किलोमीटरभर वेगाने धावत असतो. एलईडी येण्याआधी आपल्या रस्त्यांवर जे पिवळे सोडियमचे दिवे जळत, त्याच रंगाचा एक प्रकाशकण त्याला समोरून आदळला, तर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटरने घटतो. म्हणजे अणू थांबवायला तीसेक हजार धडका हव्यात. पण प्रकाशकण गिळणे आणि तो पुन्हा बाहेर टाकणे हे अणूला सेकंदाच्या कोट्यांशाहूनही कमी वेळात जमते, त्यामुळे हे सारे मिलिसेकंदभरात, मीटरभराच्या आत उरकते. एवढ्या अवधीत अणूवर गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने ब्रेक लागलेला असतो. धडक समोरूनच बसावी याची युक्ती अशी, की लेसरचा रंग अणूला हव्या असलेल्या रंगापेक्षा किंचित तांबड्या बाजूला ठेवायचा. लेसरकडे धावणाऱ्या अणूला तो रंग सरकून बरोबर आपल्या जागी आलेला दिसतो आणि तो प्रकाश गिळतो. उलट दिशेने पळणाऱ्याला तो दिसत नाही. ही कल्पना १९७५ मध्ये हॅन्श आणि शॉलो यांनी, तसेच वाइनलँड आणि डेमेल्ट यांनी स्वतंत्रपणे मांडली. स्टीव्हन चू यांनी १९८५ मध्ये बेल लॅब्जमध्ये सहा बाजूंनी सहा झोत सोडून सोडियमचे अणू काकवीत सापडलेल्या मुंगीगत रुतवले. त्या प्रकाशालाच त्यांनी काकवी म्हटले. तापमान आले २४० मायक्रोकेल्विन, म्हणजे सिद्धांताने सांगितलेली सर्वांत खालची पायरी नेमकी गाठली गेली. विषय संपल्यासारखा झाला.

तो संपला नाही, कारण मेरीलँडमधील अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत विल्यम फिलिप्स यांचा गट मोजत राहिला. फिलिप्स यांना तिथे घेतले होते विद्युत एककांच्या अचूक मापनासाठी. अणू थंड करणे हे त्यांनी त्या नोकरीच्या कडेकडेने सुरू केलेले काम. त्यांच्या काकवीचे वागणे सिद्धांताशी जुळत नव्हते. लेसरचा रंग सूत्रात सांगितलेल्या जागेपासून आणखी लांब सरकवला, की ती बिघडण्याऐवजी सुधारत होती. उद्दिष्टाचा तक्ता भिंतीवर लावून बसलेल्या कोणी याकडे दुर्लक्ष केले असते आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. ठरलेले तापमान तर हाती आलेच होते. या गटाने लेसर बंद करून अणू सोडून दिले आणि ते ठरावीक अंतरावरच्या झोतापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजले. वेळ इतका जास्त आला, की तापमान ४० मायक्रोकेल्विनच्या आसपास निघाले, सिद्धांताच्या मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याएवढे. आपलीच चूक असणार असे धरून त्यांनी वेगळ्या पद्धतींनी पुन्हा मोजले. उत्तर बदलले नाही. हे १९८८ चे. मग पॅरिसमध्ये कोहेन-तानूजी आणि दालीबार यांनी, आणि तोवर स्टॅनफर्डला गेलेल्या चू यांनी कारण शोधले : जुन्या सिद्धांताने अणूला दोनच ऊर्जापातळ्या आहेत असे सोयीसाठी धरले होते. खऱ्या सोडियमला खालच्याच पातळीत अनेक पोटकप्पे असतात आणि सहा झोतांच्या मिश्रणात प्रकाशाचे ध्रुवण जागोजागी बदलत असते. अणू सतत चढ चढतो, माथ्यावर पोहोचला की प्रकाश त्याला पुन्हा पायथ्याशी आणून ठेवतो, आणि प्रत्येक चढणीत त्याची ऊर्जा खर्ची पडते. चू, कोहेन-तानूजी आणि फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल मिळाले. मला इथे पारितोषिकापेक्षा फिलिप्स यांच्या संस्थेची घडण महत्त्वाची वाटते. जुळत नसलेल्या आकड्याच्या मागे महिनोन्‌महिने जाणे हे तिथे पगारी काम होते.

संघनितासाठी तेवढेही पुरेसे नव्हते. प्रत्येक प्रकाशकण अणूला छोटा का होईना धक्का देतोच, आणि दाट गर्दीत एकाने टाकलेला प्रकाश शेजारचा गिळतो; म्हणून शेवटच्या टप्प्यात लेसर बंद करावा लागतो. मग अणू चुंबकीय सापळ्यात धरायचे आणि त्यांतले सर्वांत चपळ तेवढे बाहेर जाऊ द्यायचे. मातीच्या माठातले पाणी असेच निवते : ऊर्जावान रेणू झिरपून उडून जातात, उरलेले गार होतात. बोल्डरच्या जिला या संस्थेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी हे रुबिडियम-८७ वर केले आणि १७० नॅनोकेल्विनच्या सुमारास सुमारे दोन हजार अणू एका अवस्थेत गेले. त्या वेळी तो वायू आपण श्वासात घेतो त्या हवेच्या कोट्यांशाइतका विरळ होता. वीमन यांचा भर स्वस्त साधनांवर होता, हे आपल्यासारख्या देशाने लक्षात घ्यावे : सीडी प्लेअरमध्ये असतात त्या जातीचे डायोड लेसर आणि काचेची लहानशी कुपी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियममध्ये कितीतरी मोठे संघनित बनवले. या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले.

आता आपल्या मंडळावरचे काही सदस्य विचारतील, आणि विचारायलाच हवे : जनतेचा पैसा बारा वर्षे कोणाच्या हवाली करायचा आणि हाती काही लागले नाही तर उत्तर कोणी द्यायचे? या प्रश्नाला माझ्याजवळ सगळ्यात चांगला पुरावा एका ‘हरलेल्या’ प्रयोगाचा आहे. एमआयटीत डॅनियल क्लेपनर आणि टॉमस ग्रेटॅक यांनी सत्तरच्या दशकातच हायड्रोजनच्या वायूत संघनित मिळवण्याचा घाट घातला होता. हायड्रोजन हट्टी निघाला. १९९५ मध्ये रुबिडियमवाले पुढे गेले; हायड्रोजनचे संघनित क्लेपनर आणि ग्रेटॅक यांना मिळाले ते १९९८ मध्ये, दोन दशकांनी. एखाद्या मध्यावधी परीक्षण समितीने १९९० साली हा प्रकल्प बंद केला असता, तर तिच्या टिपणीत कोणाला चूक काढता आली नसती. पण वर सांगितलेली बाष्पीभवनाने थंड करण्याची युक्ती याच हायड्रोजन गटात हॅरल्ड हेस यांनी १९८६ मध्ये मांडली होती. ती नसती तर बोल्डरचा प्रयोग शेवटच्या टप्प्यावर अडला असता. माणसांचा हिशेब तर याहून मोठा. फिलिप्स क्लेपनर यांचे विद्यार्थी. लिथियममध्ये संघनित मिळवणारे रँडल ह्यूलेट त्यांचेच. वीमन यांनी पदवीच्या वर्गात असताना त्यांच्याच प्रयोगशाळेत हात काळे केले. डेव्हिड प्रिचर्ड हेही क्लेपनर यांचे विद्यार्थी. कॉर्नेल यांनी प्रिचर्ड यांच्याकडे पीएचडी केली आणि केटर्ले त्यांच्याकडेच उमेदवारीला आले. केटर्ले यांना एमआयटीत ठेवता यावे म्हणून प्रिचर्ड यांनी चालती प्रयोगशाळा त्यांच्या हवाली केली आणि स्वतः त्या शोधाच्या श्रेयातून बाजूला झाले. असे औदार्य कोणत्याही नियमावलीत बसवता येणार नाही, मान्य आहे. पण ते घडायला हवाली करण्याजोगी, चालती प्रयोगशाळा आधी असावी लागते, आणि ती तीन वर्षांच्या अनुदानावर उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप शर्यतीचा. चीन, अमेरिका, युरोप पुढे गेले आहेत, आपण लक्ष्य ठरवून धावलो नाही तर मागे पडू. शर्यत खरी आहे. फक्त धावपट्टी कोणती, हेच अजून ठरलेले नाही. अतिवाहक मंडले, सापळ्यातले आयन, प्रकाशकण आणि उदासीन अणू असे निदान चार मार्ग आज संगणकासाठी स्पर्धेत आहेत. पंधरा वर्षांपूर्वी कोणी यादी केली असती, तर उदासीन अणूंचे नाव तळाशी आले असते. २०२३ च्या डिसेंबरात हार्वर्डच्या गटाने प्रकाशाच्या चिमट्यांत धरलेल्या रुबिडियम अणूंपासून ४८ तार्किक क्यूबिट चालवून दाखवले, आणि त्यानंतर कॅलटेकच्या गटाने सिझियमचे ६,१०० अणू एकाच वेळी असे पकडून ठेवले. हे प्रकाशाचे चिमटे आर्थर ॲश्किन यांच्या १९७० पासूनच्या कामातून आले. बेल लॅब्जच्या व्यवस्थापनाने त्यांचे अणू पकडण्याचे काम मधली काही वर्षे थांबवले होते. नोबेल मिळाले २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी. तेव्हा २०३१ पर्यंत अमुक एका पद्धतीचे अमुक इतके क्यूबिट असा पण लावणे हा जुगार आहे. याउलट स्थिर लेसर, उत्तम निर्वात आणि अणूंवर काबू ही शिदोरी घड्याळाला चालते, गुरुत्वमापकाला चालते आणि संगणकालाही चालते. घोडा बदलला तरी ती वाया जात नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : एवढी यातायात कशाला, यंत्रे विकत घ्या. याचे उत्तर आपल्याच अवकाश कार्यक्रमात लिहिलेले आहे. २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहातील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि तो उपग्रह स्थाननिश्चितीच्या मुख्य कामाला निकामी झाला. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवच न सुटल्याने गेला. बदली पोहोचली ती २०१८ मध्ये. देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ आकाशात गेले २९ मे २०२३ रोजी, एनव्हीएस-०१ बरोबर. ही घड्याळे लेसरने थंड केलेल्या अणूंची नव्हेत, साध्या बाष्पाची आहेत. पण थंड अणूंची घड्याळे त्यांच्या पुढची पिढी आहे, आणि साधे घड्याळ विकत घेऊन जे झाले ते नाजूक घड्याळाबाबत टळेल असे मानायला आधार नाही. शिवाय २०२४ मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी क्वांटम संगणक आणि त्यांच्या सुट्या भागांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. बाजारात मिळेल ते घेऊ, हे धोरण बाजार उघडा असेतोवरच चालते.

चौथा आक्षेप सरकारी फायलीतला आहे आणि त्याला थोडक्यात उत्तर पुरे. मूलभूत संशोधनासाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन झाले आहे, मिशन तंत्रज्ञानासाठी आहे, असे म्हटले जाईल. तिथली अनुदाने सहसा तीन ते पाच वर्षांची असतात. थंड अणूंच्या प्रयोगशाळेची पहिली तीन वर्षे टेबल, पंप आणि लेसर येण्यातच जातात. आणि या क्षेत्रात मूलभूत व उपयोजित अशी भिंत बांधायची तरी कुठे? फिलिप्स यांना चांगले घड्याळ हवे होते, म्हणून अणू थंड करायचे होते.

आपल्याकडे शून्यातून सुरुवात करायची नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आयसरमध्ये आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात रुबिडियमची संघनिते बनली आहेत. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत थंड अणूंवर वर्षानुवर्षे काम चालू आहे, पुण्याच्याच आयुकामध्ये यिटर्बियमच्या आयनावर चालणाऱ्या घड्याळाचे काम आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सिझियमचे कारंजे-घड्याळ आहे, आणि मिशनने मापन व संवेदनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे सोपवले आहे. ही यादी वाचून अभिमान वाटावा, तो मलाही वाटतो. पण यांतला जवळजवळ प्रत्येक गट एखाद-दुसऱ्या प्राध्यापकाच्या आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या खांद्यावर उभा आहे. विद्यार्थी पाच-सहा वर्षांनी जातो आणि कोणता आरसा का तिरका ठेवला आहे हे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. बोल्डरच्या जिलाला स्वतःचा यंत्रकारखाना आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग आहे, तिथे कायम नोकरीतले कारागीर आहेत. आपल्या नव्या केंद्रांच्या इमारती, फलक, उद्घाटने दिसतात. कायमस्वरूपी तांत्रिक पदे किती, हे शोधावे लागते. वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सरकारने जून २०२५ मध्ये सैल केले, ही चांगली गोष्ट झाली. लेसर लवकर येईल. तो आल्यावर दहा वर्षे नीट चालवणारा माणूस खरेदीच्या नियमांतून येत नाही.

म्हणून मागणी नेमक्या शब्दांत. मिशनच्या उरलेल्या रकमेचा एक पंचमांश भाग २०३१ नंतरही चालेल असा स्वतंत्र निधी करून ठेवावा. एक पंचमांश हा माझा अंदाज आहे. मंडळाने हिशेब करून दुसरा आकडा काढला तर माझी हरकत नाही, पण आकडा असावा. त्यातून मोजक्या, पाच-सहाच प्रयोगशाळांना बारा वर्षांचे अनुदान द्यावे. सगळ्यांना थोडे थोडे वाटून कोणाचेच भागणार नाही, आणि यामुळे काही संस्था नाराज होतील हे आधीच धरून चालावे. प्रत्येक प्रयोगशाळेत किमान चार तांत्रिक पदे कायमची असावीत. परीक्षण चौथ्या आणि आठव्या वर्षी कडक व्हावे आणि नापास झालेल्यांचे अनुदान खरोखर थांबावे. मात्र परीक्षकांनी क्यूबिट किती झाले हे विचारू नये. लेसरची वारंवारता रात्रभरात किती ढळली, घड्याळाची चूक गेल्या परीक्षणापासून किती घटली, सिद्धांताशी न जुळलेले कोणते मोजमाप प्रसिद्ध केले आणि इथून बाहेर पडलेली मुले-मुली आज कुठे काय उभारत आहेत, हे त्यांनी विचारावे. यातले एक काम तर पैशाविना, आत्ताच करता येईल : मिशनच्या पुढच्या वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्रापुढे मंजूर झालेल्या आणि भरलेल्या कायमस्वरूपी तांत्रिक पदांचा आकडा छापावा.

कळावे,
आपला,
एक विज्ञानलेखक